सेकंडहँड आलिशान गाडी : दुरुस्तीचा हिशोब



उसाचे पहिले बिल खात्यावर जमा झाले की दोन गोष्टी घडतात. आधी सोसायटीची वसुली होते, आणि मग उरलेल्या रकमेवर गाडीच्या एजंटाची नजर पडते. पूर्वी आमच्या वाहन विभागाकडे सभासद येत ते ट्रॅक्टरचा क्लच, ट्रॉलीचा ॲक्सल, नाहीतर फार तर जुनी जीप दाखवायला. अलीकडे एक निराळाच प्रश्न वरचेवर येऊ लागला आहे. "पुण्याला एक बीएमडब्ल्यू बघितलीय. सहा लाखाला द्यायला तयार आहे. घ्यावी का?"

आमचे उत्तर 'घेऊ नका' असे सरसकट नाही. हौसेला मोल नसते, आणि उन्हातान्हात राबणाऱ्या माणसाने चांगल्या गाडीत बसू नये असे कोणी म्हणणार नाही. पण घेण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली पाहिजे. गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते. तिच्या पार्टची किंमत आणि मिस्त्रीची मजुरी उतरत नाही. बावीस-पंचवीस लाखांची गाडी सहा लाखांत मिळाली, तरी दुरुस्तीचे बिल येते ते बावीस-पंचवीस लाखांच्याच गाडीचे. सहा लाखांची नवी छोटी गाडी आणि सहा लाखांची ही गाडी यांत फरक आहे तो इथे.

सगळ्या गाड्यांविषयी मोघम लिहिण्यापेक्षा ज्या गाडीबद्दल सर्वांत जास्त विचारणा होते तीच घेऊ. बीएमडब्ल्यूची एक्स-वन. उंच बांध्याची, पण लांबीला आटोपशीर, अशी ही गाडी कंपनीने २००९ साली बाजारात आणली आणि डिसेंबर २०१० मध्ये ती भारतात आली. चेन्नईच्या कारखान्यात तिची जोडणी होत असे. सुरुवातीची किंमत बावीस लाखांच्या आसपास असल्याने त्या वेळी ती फार गाजली. ही पहिली पिढी जगात २०१५ पर्यंत बनली. आपल्याकडे दुसरी पिढी २०१६ साली आली आणि तिसरी जानेवारी २०२३ मध्ये. म्हणजे आज स्वस्तात फिरणारी जी एक्स-वन आहे ती बहुतेक पहिल्या पिढीची, दहा ते पंधरा वर्षे चाललेली, आणि बहुधा डिझेल.

ती इतक्या स्वस्तात का मिळते, हेही जाणून घ्यावे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली दिल्ली व आसपासच्या भागात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना मनाई केली आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. तिकडच्या मालकाला गाडी चांगली असूनही बाहेर काढणे भाग पडले. (ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने अशा मालकांवर सक्तीची कारवाई करू नये असा अंतरिम आदेश दिला; पण तोवर पुष्कळ गाड्या दिल्लीबाहेर गेल्या होत्या.) अशी गाडी घेताना 'दिल्ली पासिंग आहे, एनओसी आहे, चिंता करू नका' असे एजंट सांगतो. चिंता करायची ती अशी की, परराज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो, आणि त्यासाठी महाराष्ट्राचा कर पुन्हा भरावा लागतो. शिवाय खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर फिटनेस दाखवून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, वर पर्यावरण कर. २०११ ची गाडी आज घेतली तर हे काम दारातच उभे आहे. एजंटाच्या तोंडच्या किमतीत यातले काहीच धरलेले नसते.

आता मूळ विषयाकडे येऊ.

साखळी

या गाडीच्या २००० सीसी डिझेल इंजिनाला कंपनीच्या भाषेत एन-४७ म्हणतात. इंजिन ताकदवान आहे, तेलाला काटकसरी आहे, लांबच्या प्रवासाला सुरेख आहे. त्याचे दुखणे एकच, पण ते मोठे आहे. ते म्हणजे टायमिंग चेन.

खालचा क्रँकशाफ्ट आणि वरचा व्हॉल्व उघडझाप करणारा कॅमशाफ्ट, हे दोन्ही एका तालात फिरावे लागतात. तो ताल राखते ती ही साखळी. आपल्या कारखान्यातील उसाच्या कॅरियरची साखळी सभासदांनी पाहिली आहेच. ती ताणात राहावी लागते, तिला वंगण लागते, आणि ती सैल पडली की आधी आवाज करते. इथेही तेच. साखळी ज्या पट्ट्यांवरून सरकते त्या प्लॅस्टिकच्या असतात. त्या झिजल्या, साखळी लांबली, की इंजिनातून खरखर ऐकू येऊ लागते. तिकडे दुर्लक्ष झाले आणि साखळी तुटली, तर व्हॉल्व आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. व्हॉल्व वाकतात, पिस्टनला मार बसतो, आणि चालत्या गाडीचे इंजिन क्षणात भंगारात जमा होते. २००७ ते २०११ च्या दरम्यान बनलेल्या या इंजिनांत ही तक्रार जगभर गाजली. आपल्याकडच्या पहिल्या एक्स-वन नेमक्या त्याच काळाच्या शेवटी आल्या आहेत.

पण साखळी तर पुष्कळ गाड्यांना असते, मग हिचेच एवढे कौतुक का? कारण ती बसवली आहे कुठे, यात सगळी मेख आहे. बहुतेक गाड्यांत टायमिंगची बाजू इंजिनाच्या तोंडाशी, फॅनबेल्टच्या अंगाला असते. मिस्त्रीने पुढचे झाकण काढले की हात पोचतो. या इंजिनात साखळी मागच्या अंगाला, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. तिथे पोचायचे तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, आणि बरेचसे मिस्त्री पूर्ण इंजिनच बाहेर काढणे पसंत करतात. साखळी, पट्ट्या, टेन्शनर हे सामान त्या मानाने थोडक्यात येते. पैसे जातात ते उघडण्या-जोडण्याच्या मजुरीत. बाहेरच्या जाणत्या गॅरेजमध्येसुद्धा हे काम लाखाच्या घरात जाते, अधिकृत वर्कशॉपमध्ये त्याहून वर. आणि साखळी तुटल्यावर गेलात तर मग इंजिनाचीच किंमत, म्हणजे जवळपास गाडीचीच.

मिलचा एक बेअरिंग बदलायला अख्खा रोलर उचलावा लागतो, तेव्हा आमचे फिटर म्हणतात, "बेअरिंग स्वस्त, उचलणं महाग." त्यातलाच हा प्रकार.

ही चेन लवकर का झिजते? याची कारणे एकाहून अधिक सांगितली जातात, पण मालकाच्या हातातले एक नक्की आहे. इंजिन ऑइल बदलण्याची वेळ या गाडीत संगणक ठरवतो, आणि ती मुदत पंचवीस-तीस हजार किलोमीटर किंवा दोन वर्षांपर्यंत ताणलेली असे. जर्मनीच्या थंड हवेत आणि मोकळ्या रस्त्यांवर ते चालत असेल. आपल्याकडे धूळ, ऊन, फाट्यावरची गर्दी, आणि उसाच्या गाड्यांमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत जाणे. तेव्हा संगणक काहीही म्हणो, दहा हजार किलोमीटरला किंवा वर्षाला, जे आधी येईल तेव्हा, कंपनीने सांगितलेल्या दर्जाचे ऑइल बदलावे. ट्रॅक्टरचे उरलेले ऑइल त्यात ओतू नये. हे लिहावे लागते याचे वाईट वाटते, पण लिहावे लागते.

गाडी बघायला जाल तेव्हा सकाळी जा, आणि आधीच फोन करून सांगा की इंजिन गार ठेवा. आपण पोचण्याआधीच मालकाने गाडी गरम करून ठेवली असेल तर समजून जा, काहीतरी ऐकू येऊ नये अशी त्याची इच्छा आहे. बोनेट उघडून गार इंजिन चालू करा, मग मेळ थोडा वाढवा आणि मागच्या अंगाला, ड्रायव्हरच्या बाजूच्या भिंतीजवळ कान द्या. डिझेल इंजिन खडखडतेच, पण साखळीची खरखर त्यात वेगळी कळते. आपल्या कानाला सवय नसेल तर हे इंजिन खोललेला मिस्त्री बरोबर न्या. त्याचा एका दिवसाचा रोज आणि एसटीचे भाडे आपण दिले तरी परवडले.

'लाइफटाइम' ऑइलची गंमत

या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स झेडएफ या जर्मन कंपनीचा. आधी सहा गिअरचा, नंतर आठ गिअरचा. गाडीची कंपनी म्हणते, यातले तेल 'लाइफटाइम' आहे, बदलायला नको. आणि गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः म्हणते, ऐंशी हजार ते एक लाख वीस हजार किलोमीटरच्या दरम्यान किंवा आठ वर्षांनी बदला. आता यात कोणाचे खरे? आमचे मत विचाराल तर ज्याने गिअरबॉक्स घडवला त्याचे. 'लाइफ' म्हणजे कोणाचे आयुष्य, पहिल्या मालकाचे की गाडीचे, हे तेवढे कंपनीने सांगितलेले नाही.

तेल बदलणे म्हणजे नट खोलून ओतून देणे असेही नाही. तेलाचा फिल्टर खालच्या प्लॅस्टिकच्या तसराळ्यातच बसवलेला असतो, त्यामुळे अख्खे तसराळे बदलावे लागते, आणि तेल ठराविक तापमानाला ठराविक पातळीपर्यंत भरावे लागते. तीस ते साठ हजारांचे हे काम आहे. ते केले नाही तर गिअर बदलताना आधी झटका बसू लागतो, मग गाडी अडखळते, आणि मग जो खर्च येतो तो ऐकून माणूस अडखळतो. सव्वा लाख किलोमीटर झालेल्या गाडीत हे तेल बदलल्याची पावती नसेल, तर ते पैसे भावातून वजा करून मागावेत.

चारही चाकांना ओढ असलेली 'एक्स-ड्राइव्ह' असेल तर आणखी एक. तिचे चारही टायर एकाच मापाचे, एकाच जातीचे आणि सारखेच झिजलेले हवेत. दोन नवे, दोन जुने असे घातले तर चाकांचा घेर वेगवेगळा होतो आणि ओढ वाटून देणारा मधला बॉक्स कायम भांडत राहतो. तो बॉक्स बिघडला की टायरचे वाचवलेले पैसे कितीतरी पटीने जातात.

टायर, स्टेपनी आणि बॅटरी

टायरचीच गोष्ट निघाली आहे तर सांगून टाकू. या गाडीला बहुधा 'रनफ्लॅट' टायर असतात. त्यांच्या कडा इतक्या जाड की हवा गेली तरी ताशी ऐंशी किलोमीटरच्या आत राहून साधारण ऐंशी किलोमीटर जाता येते. त्यामुळे पुष्कळ गाड्यांत पूर्ण मापाची स्टेपनीच नसते. शहरातल्या माणसाला ही सोय आहे. आपल्याकडे रात्री आडरानात कड फाटली की ती सोय तिथेच संपते, कारण फाटलेल्या कडेला जोड नाही आणि तालुक्याच्या दुकानात त्या मापाचा टायर मिळेलच असे नाही. एक टायर पंधरा ते पंचवीस हजारांपर्यंत जातो. शिवाय जाड कडेमुळे खड्ड्याचा दणका टायर गिळत नाही, तो रिमला आणि खालच्या बुशांना देतो. हंगामात आपले रस्ते कसे असतात ते सभासदांना आम्ही सांगायला नको. लोअर आर्मचे बुश, शॉकॲब्सॉर्बर आणि रिम यांचा खर्च इथे वरचेवर येणार, हे धरूनच चालावे. पुष्कळ जण साधे ट्यूबलेस टायर घालतात. गाडी मऊ चालते, पण मग डिक्कीत स्टेपनी आणि जॅक ठेवायला विसरू नये.

बॅटरीचे तर लोकांना खरेच वाटत नाही. ती बोनेटखाली नसून मागे डिक्कीत असते. नवी बसवली की गाडीच्या संगणकाला 'नवी बॅटरी बसवली' असे स्कॅनरने कळवावे लागते. ते न कळवता नाक्यावरच्या दुकानातून साधी बॅटरी आणून जोडली, तर संगणक तिला जुन्या बॅटरीसारखे जास्त चार्ज करत राहतो आणि वर्ष-दोन वर्षांत ती बसते.

फडाजवळ गाडी उभी करणाऱ्यांना आणखी एक शत्रू आहे, उंदीर. तोडणी झाली की फडातले उंदीर आसरा शोधतात आणि गरम बोनेटखाली शिरतात. वायरिंग कुरतडले की कधी एक दिवा लागतो, कधी दहा लागतात, आणि नेमकी कोणती तार तुटली हे शोधण्यातच मिस्त्रीचे दोन दिवस जातात.

पाणी आणि विमा

ऑगस्ट २०१९ चा आणि जुलै २०२१ चा महापूर कोल्हापूर-सांगलीकडचे सभासद विसरलेले नाहीत. त्या पाण्यात कितीतरी गाड्या बुडाल्या, आणि बुडालेली गाडी धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येते. सीटखालची कार्पेट उचलून वास घ्या, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर गाळाची रेघ आहे का पाहा, डिक्कीतल्या बॅटरीच्या खोलगटात गंज आहे का पाहा. या गाडीत ठिकठिकाणी छोटे संगणक आहेत, आणि ओल शिरलेला संगणक सहा महिन्यांनीसुद्धा दगा देतो.

आपल्या हातूनही चूक नको. ओढ्याला पाणी असताना गाडी घातली आणि बंद पडली, तर पुन्हा स्टार्टर मारू नका. इंजिनात शिरलेले पाणी दाबले जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. तशीच टोचन करून बाहेर काढा. विमा कंपनी अशा वेळी म्हणते की पाण्याने नव्हे, तुम्ही स्टार्टर मारल्याने इंजिन गेले, आणि इंजिनासाठी वेगळे संरक्षण घेतलेले नसेल तर दावा नाकारते.

विम्याच्या बाबतीत सभासदांचा मोठा गैरसमज आहे. 'फुल इन्शुरन्स आहे' म्हणजे सगळे बिल कंपनी देईल, असे नाही. नेहमीच्या पॉलिसीत अपघाताच्या दुरुस्तीत रबर, प्लॅस्टिक आणि बॅटरी यांच्या किमतीतून निम्मी घट धरतात. धातूच्या पार्टवर गाडी पाच ते दहा वर्षांची असेल तर ४० टक्के, आणि दहा वर्षांवरची असेल तर ५० टक्के. ही घट न धरणारी 'झिरो डेप' पॉलिसी इतक्या जुन्या गाडीला सहसा मिळत नाही. या गाडीचा पुढचा बंपर, दिव्यांचे कव्हर, जाळी हे सगळे प्लॅस्टिक, म्हणजे निम्मे बिल आपले. आणि साखळी, गिअरबॉक्स, टर्बो यांची झीज विम्यात येतच नाही. विमा अपघाताचा असतो, म्हातारपणाचा नव्हे.

फुकट होणारे एक काम

एक गोष्ट मात्र मालकाच्या बाजूची आहे. धूर पुन्हा इंजिनात वळवणारी ईजीआर नावाची रचना डिझेल गाडीत असते, आणि तो धूर गार करायला तिला एक कूलर असतो. बीएमडब्ल्यूच्या काही डिझेल गाड्यांत हा कूलर झिरपून आतल्या काजळीत कूलंट मिसळे आणि क्वचित आग लागे. २०१८ साली दक्षिण कोरियात अशा गाड्या पेटल्याने मोठा गहजब झाला, आणि त्याच वर्षी कंपनीने जगभरातील सुमारे १६ लाख गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. कंपनी अशी गाडी परत बोलावते तेव्हा त्या कामाचे पैसे मालकाने द्यायचे नसतात. आपण बघत असलेल्या गाडीचा चेसिस नंबर अधिकृत सर्व्हिस सेंटरला द्या. असे काही काम तिच्यावर बाकी आहे का, ते सांगतील. त्याच वेळी सर्व्हिसच्या जुन्या नोंदी मागा. काट्यावर साठ हजार आणि चार वर्षांपूर्वीच्या नोंदीत नव्वद हजार किलोमीटर असेल, तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

उसात मोजले तर

लाखाचा आकडा कानाला सवयीचा झाला आहे, म्हणून तो टनात मोजून पाहू. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यास केंद्राची एफआरपी टनाला ३,५५० रुपये आहे, आणि त्यातून तोडणी-वाहतूक वजा जाते. हाती टनाला तीन हजार पडले असे समजू. साखळी आणि गिअरबॉक्सचे तेल अशी दोन कामे मिळून दीड लाखाचे बिल आले, तर तो ५० टन ऊस झाला. एकरी चाळीस टन काढणाऱ्या सभासदाचा सव्वा एकर. यात बेणे, खत, पाणीपट्टी, भांगलण काहीच वजा केलेले नाही. आणि ऊस अठरा महिने रानात उभा असतो. गाडीचे बिल एका आठवड्यात उभे राहते.

म्हणून आमचा आग्रह असा की, सहा लाखांची गाडी घेणाऱ्याने दोन लाख वेगळे काढून ठेवावेत. ते नसतील तर चार लाखांची पाहावी, आणि ती दुसऱ्या कुठल्या तरी साध्या कंपनीची. कर्ज काढून ही गाडी घेणे तर टाळावेच, कारण हप्ता आणि दुरुस्ती एकाच महिन्यात आली की बैलजोडीसारखी दोन्ही बाजूंनी ओढ बसते.

खर्च कमी करता येत नाही असेही नाही. गाडीच्या कंपनीला पार्ट पुरवणारे कारखाने तोच माल स्वतःच्या नावानेही विकतात. बॉश, सॅक्स, लेमफोर्डर ही त्यातली नावे. डब्यावर गाडीचा शिक्का नसतो, किंमत बरीच कमी पडते. मात्र बिल घेऊनच घ्यावा, कारण या नावांचे नकली डबेही बाजारात आहेत. पार्ट आणि मजुरी दोन्हींवर आता १८ टक्के जीएसटी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी बहुतेक पार्टवर तो २८ टक्के होता, तेव्हा कोणी जुने दरपत्रक दाखवत असेल तर नवे मागावे.

दुसऱ्या पिढीच्या एक्स-वनबद्दल थोडक्यात. तिचे डिझेल इंजिन वेगळे आहे, पण साखळी तिच्यातही मागच्याच अंगाला आहे. एप्रिल २०२० नंतरच्या कोणत्याही डिझेल गाडीत धुराची काजळी अडवणारी जाळी असते. ती जाळी साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून अर्धा तास सलग, वेगाने चालावी लागते. घर ते शेत आणि शेत ते डेअरी एवढाच फेरा असेल तर ती तुंबते. ज्याचा रोजचा फेरा पाच-सात किलोमीटरचा आहे त्याने डिझेलच्या मागे लागू नये, पेट्रोलची गाडी पाहावी.

ज्या सभासदांना अशी गाडी घ्यायची आहे त्यांनी व्यवहार ठरवण्याआधी आर. सी. ची प्रत, चेसिस नंबर आणि सर्व्हिसच्या पावत्या घेऊन वाहन विभागात यावे. कर्जाचा बोजा उतरला आहे की नाही, एवढे तरी कागद पाहून आम्ही सांगू शकतो. गाडीच दाखवायची असेल तर मात्र कारखान्याचा पट्टा पडल्यानंतर या. हंगाम चालू असताना आमच्या फिटरना मिलपुढे दुसरे काही दिसत नाही, आणि बिसायडला ट्रॅक्टरच्या रांगेत आलिशान गाडी उभी करायला जागाही नाही.